एकच तर बकरी आहे!

मी एक म्हातारी इग्वाना आहे, मित्रांनो. जमिनीवर राहणारी, पिवळी. सरडी म्हणू नका, मला राग येतो. तुमच्याकडची एखादी घोरपड डोळ्यांसमोर आणा, तिला अंगभर हळद फासा, मानेवर काट्यांची एक ओळ लावा आणि तोंड कायम रुसल्यासारखं ठेवा. झाले मी! खरं तर मी रुसलेली नसते. माझं तोंडच तसं आहे, त्याला मी तरी काय करणार?

गोष्ट सांगते, पण माझी एक अट आहे. बोलता बोलता मी मध्येच उठले आणि मान वर केली, की तुम्ही गप्प राहायचं. मला काहीतरी ऐकायचं असतं. ऊन खात निवांत पडून राहणं हा आमच्या जातीचा धर्म आहे, पण माझ्या नशिबात तो नाही. पूर्वी होता. तो कसा गेला, तेच तर सांगायचं आहे.

गालापागोस म्हणून बेटं आहेत ना, त्यांतल्या एका लहानशा बेटावर माझा जन्म झाला. बेट इतकं लहान की कोळी लोकांनी त्याला नावसुद्धा ठेवलं नाही. 'ते पलीकडचं' एवढंच म्हणतात. सगळीकडे काळा, करवतीसारखा खडक. गोडं पाणी नाही. उभी असतात ती फड्या निवडुंगाची झाडं. हो, झाडंच. तांबूस खोडाची, माणसाच्या दुप्पट उंच. त्यांचे फडे आणि बोंडं हेच आमचं जेवण आणि हेच आमचं पाणी. काटे मी पायानं घासून काढते. घाई असली तर काट्यांसकट गिळते.

अंडी घालायला मात्र मऊ माती लागते, आणि अशी माती आख्ख्या बेटावर एकाच ठिकाणी आहे. सगळ्यांत जुन्या निवडुंगाखाली, दोन खाटांएवढी जागा. तिच्यासाठी आम्हा बायकांची काय भांडणं होतात म्हणून सांगू! माझ्या डाव्या पायाचं एक बोट अशाच भांडणात गेलं. त्याचं मला दुःख नाही. जागा मिळाली होती.

मी स्वतः त्याच मातीतून वर आले. अंडं फोडणं सोपं असतं. पुढं वरची माती उकरत बाहेर यायला आठवडा लागतो. अंधारात सगळी भावंडं आळीपाळीनं उकरतात. आम्ही तेरा होतो. बाहेर ससाणा टपलेला, खडकात साप. निवडुंगाच्या आडोशाला आम्ही तिघं पोचलो, आणि मोठी झाले मी एकटी. आई कोण ते मला माहीत नाही. आमच्यात आया अंडी पुरतात, काही दिवस राखण करतात आणि निघून जातात. हेही लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता माणसांकडे वळते.

दर वर्षी जानेवारीत इसाबेला बेटावरच्या गावातून एक होडी यायची. होडीचा मालक निकानोर, इंजिन सांभाळणारा एफ्राइन आणि निकानोरची थोरली बहीण दोमितिला. ही माणसं तीन महिने आमच्या किनाऱ्यावर पाल ठोकून राहायची. मासे धरायचे, चिरायचे, मीठ लावून काळ्या खडकावर वाळवायचे. ईस्टरच्या आधी त्यांचा उपासाचा पवित्र आठवडा येतो. त्या आठवड्यात घरोघरी फानेस्का शिजतं. भोपळा, मका आणि बारा तऱ्हेचे दाणे घातलेलं दाट कालवण, आणि त्यात ही खारवलेली मासळी हवीच हवी. मटणाला त्या शुक्रवारी कुणी शिवत नाही.

दोमितिला विधवा होती. हात मोठे, आवाज त्याहून मोठा. स्वयंपाक तिच्याकडे असायचा. कच्च्या केळ्याच्या चकत्या तळल्या की सालं माझ्यासमोर टाकायची. केळ्याचं साल म्हणजे काय चीज असते ते मला विचारा! पहिल्या दिवशी मी तिच्या चुलीपाशी जाऊन बसले आणि हललेच नाही.

"बघ कशी बसलीये," ती निकानोरला म्हणाली, "जशी काही हिच्या बापाचीच जमीन!"

होतीच माझ्या बापाची. पण मी बोलले नाही, साल खाल्लं.

तेव्हापासून ती मला कोमाद्रे म्हणायला लागली. एकीच्या लेकराच्या बाप्तिस्म्याला दुसरीनं त्याला देवळात हातावर घेतलं, की त्या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे होतात. तुमच्याकडे विहीणबाई म्हणतात ना, तसंच मानाचं आणि थट्टेचं नातं. "कोमाद्रे, आज मीठ जास्त झालंय बघ." "कोमाद्रे, माझा भाऊ घोरतो गं फार." मी ऐकून घ्यायची. ऐकून घ्यायचं काम तेवढं आम्हाला छान जमतं.

थांबा... गप्प राहा जरा... नाही, वाराच आहे. हं, कुठं होते मी?

तर एका वर्षी मुक्काम संपत आला तेव्हा निकानोर गावाला एक फेरी मारून आला आणि येताना बकरी घेऊन आला. काळी, कपाळावर पांढरा टिळा. मोरोचा तिचं नाव. ती दोमितिलाचीच होती. जन्मताच आई मेली, म्हणून दोमितिलानं तिला बाटलीनं दूध पाजून चुलीमागं वाढवलं होतं. पण मोरोचाच्या तोंडाला धरबंध नव्हता. शेजारणीच्या घरात शिरून तिनं देव्हाऱ्यातली कागदी फुलं खाल्ली, वर देवाच्या अंगावरचा रेशमी झगा अर्धा चघळला. शेजारीण दारात येऊन गावाला ऐकू जाईल अशी बोलून गेली. ठेवणार कशी तिला घरात?

"हिला इथंच सोडू," निकानोर म्हणाला. "न्यान्या, तुलाही घोर नको." न्यान्या म्हणजे त्यांच्याकडे ताई.

"इथं? आणि पाणी?"

"निवडुंग आहे की. मासे खाऊन खाऊन माझ्या अंगाला खवले फुटायचे तेवढे राहिलेत. पुढच्या वर्षी आलो की ईस्टरला ताजं मटण. एफ्राइनचा बाप तर दिसेल त्या बेटावर बकरी सोडायचा."

"सोडायचा," एफ्राइन म्हणाला. "म्हणायचा, समुद्रात भूक लागली की जवळच्या बेटावर उतरावं आणि जेवावं."

"मोरोचाला कुणी जेवणार नाही," दोमितिला ताडकन म्हणाली.

"नाही गं बाई, तिला नाही. पिल्लांना. गाभण आहे ना ती."

"अच्छा! म्हणजे एक सोडायची आणि तीन मोजायची!"

"अगं, एकच तर बकरी आहे!" निकानोर हसला. "एक बकरी खाऊन खाऊन किती खाणार?"

हे वाक्य माझ्या कानात कायमचं रुतलं आहे. तेव्हा मात्र मी सालाकडे लक्ष ठेवून होते. दोमितिलानं होडीची पितळी घंटा सोडली आणि मोरोचाच्या गळ्यात बांधली. पुढच्या वर्षी आवाजावरून सापडावी म्हणून. मग तिची पाठ थोपटली.

"इथं कुणाच्या देवाची फुलं नाहीत हो मोरो. खा पोटभर!"

होडी गेली. मोरोचा उड्या मारत खडकावर चढली आणि घंटा वाजायला लागली. खोटं कशाला बोलू? मला तो आवाज आवडला. इतकी वर्षं वारा आणि लाटा ऐकून कंटाळा आला होता. काहीतरी नवीन वाजतंय म्हणून मी मान वर करून ऐकत बसायची.

पुढच्या जानेवारीत होडी आली नाही. नंतर कळलं, तळ फुटून ती गावातच आडवी पडली होती. त्याच्या पुढच्या जानेवारीतही आली नाही. बकऱ्या मात्र थांबल्या नाहीत. मोरोचाला जुळं झालं, त्यात एक बोकड. मग त्यांना झाली, मग त्यांच्या पिल्लांना झाली. आधी गवत संपलं. मग झुडपं. मग मागच्या पायांवर उभं राहून त्यांनी खालचे फडे ओरबाडले. तेही संपल्यावर त्या निवडुंगाची खोडं कुरतडायला लागल्या. गोलाकार कुरतडत जायच्या, आणि एके दिवशी शंभर वर्षांचं झाड धाडकन खाली यायचं. झाड पडलं त्या दिवशी आमची चंगळ. सगळे मिळून खायचे. दुसऱ्या दिवसापासून तिथं सावली नाही, बोंड नाही, काही नाही.

माझ्या ओळखीचा एक दांडगा नर होता. माझ्या दीडपट. त्याच्या वाटेला कुणी जात नसे. तो एका पडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी बसून राहिला, नवीन फडा पडेल म्हणून वाट बघत. बसल्या जागीच वाळला. असे एकेक करून पुष्कळ गेले.

मी टिकले ते त्या जुन्या निवडुंगामुळं. तो सगळ्यांत जाड होता, इतक्या लवकर कुरतडून होण्यासारखा नव्हता. पण सावलीही आता त्याच्याचखाली उरली होती. दुपार झाली की सगळ्या बकऱ्या तिथं येऊन बसायच्या. आमच्या मातीवर. त्याच मातीत माझी अंडी होती.

आता जे सांगते ते मला कुणाला सांगवत नाही. पण तुम्ही लहान आहात, तुम्हाला कळेल.

आमच्यातल्या आया अंडी पुरून निघून जातात, असं मी म्हटलं होतं ना? मी गेले नाही. जाणार कुठं? खायला दुसरीकडे काही उरलंच नव्हतं. मे महिन्यात एका सकाळी, बकऱ्या यायच्या आधी, मी त्या मातीवर पोट टेकून पडले होते. पोटाखाली मला खरवडल्यासारखं जाणवलं. अगदी हलकं. मग थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. माझी पिल्लं वर येत होती.

माती बकऱ्यांच्या खुरांनी तुडवून तुडवून विटेसारखी झाली होती. मला धडकी भरली. मी वरून उकरायला लागले. दुपारपर्यंत वीतभर उकरलं असेल, तेवढ्यात बकऱ्या आल्या, बसल्या, लोळल्या, आणि सगळं होतं तसं झालं. मी आडवी झाले तर एका बोकडानं शिंगानं उचलून फेकलं मला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. खालून ती उकरत होती, वरून मी उकरत होते, आणि मधल्या मातीवर घंटा वाजत होती. आठ दिवस मी जेवले नाही. नवव्या दिवशी मी पोट टेकलं, आणि खाली काहीच हाललं नाही. संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिले. मग उठले आणि चालायला लागले. बेटाला फेऱ्या घालत सुटले. एका जागी बसवेना. ते जे चालणं सुरू झालं, ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

पुढच्या जानेवारीत होडी आली.

निकानोर उडी मारून उतरला आणि डोळ्यांवर हात धरून बघायला लागला. "न्यान्या! अठरा! अगं, एकीच्या अठरा! बोल आता, वेडा कोण?"

दोमितिला बकऱ्यांकडे बघत नव्हती. "माझी कोमाद्रे कुठं दिसत नाही."

"कोण? ती सरडी?"

"सरडी म्हणू नकोस. तिला राग येतो."

मी एका खडकाआड होते. धावत जायचं मनात होतं, पण पायांत बळ नव्हतं. हळूहळू गेले. तिनं मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. माझ्या बरगड्या मोजता येत होत्या, पाठीवरची कातडी सैल लोंबत होती. पोट मात्र जड होतं, कारण पुन्हा अंडी घालायचे दिवस आले होते.

"अगं बाई! तुझी ही दशा कुणी केली गं?"

तेवढ्यात घंटा वाजली. मोरोचा दुरूनच दोमितिलाला ओळखून धावत आली आणि तिच्या झग्याची कड चघळायला लागली. दोमितिलानं तिच्या मानेवर हात ठेवला, आणि तसाच हात ठेवून सगळीकडे पाहिलं. पडलेली खोडं पाहिली. हाडं पाहिली. तिला काही सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी चूल पेटायच्या आधीच भावाबहिणीचं जुंपलं.

"सरड्यांसाठी रडतेस तू, न्यान्या?"

"बरं, त्यांचं सोड. एवढंच एक झाड उरलंय, तेही अर्धं कुरतडलंय. ते पडलं की तुझ्या अठरा बकऱ्या काय खाणार? तुझी टोपी?"

"मग तोवर आपण खाऊ ना त्यांना."

"अठरा? या तीन महिन्यांत? मुक्काम संपतो तो पवित्र आठवड्याला, आणि तू गावात मटण घेऊन जाणार? पाद्रीबाबा तुलाच मीठ लावून वाळत घालतील!"

एफ्राइन फस्सकन हसला आणि इंजिनाकडे बघायला लागला. निकानोर पाय आपटत जाळी घेऊन निघून गेला. त्याचंही चुकत नव्हतं. दोन हंगाम बुडाले होते. याही वेळी मासळी नेली नाही तर घरात काय शिजणार, हा त्याच्यापुढं प्रश्न होता.

दोमितिला लोखंडी पहार घेऊन जुन्या निवडुंगापाशी आली. खोडाभोवती दगडांचं कुंपण रचायचं तिच्या मनात होतं. खालचा दगड नीट बसावा म्हणून तिनं मातीत पहार घातली. माती ढेकळासारखी उचलली गेली. आणि ती मटकन खाली बसली.

ढेकळाच्या खालच्या अंगाला माझी पिल्लं होती. अकरा. सुकून कागदासारखी झालेली, सगळ्यांची तोंडं वर.

निकानोर जेवण मागायला आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. तिनं फक्त बोट दाखवलं. तो वाकला. मग त्यानं टोपी काढली.

"बोटभर माती राहिली होती वर, निको," ती म्हणाली. तिचा मोठा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "एवढी. बोटभर."

"मला काय माहीत, न्यान्या..."

"मला तरी कुठं माहीत होतं? खा पोटभर, असं मीच म्हणाले होते तिला."

मी दोन हातांवर होते. निकानोरनं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तो मला सरडी म्हणाला नाही. त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली, टोपी घातली आणि हाक मारली, "एफ्राइन! उद्या मासे नाहीत. सगळी जाळी जमिनीवर घे."

मित्रांनो, माशांच्या जाळ्यात बकऱ्या धरताना तुम्ही कधी पाहिल्यात? दोन खडकांमध्ये जाळं ताणायचं, आणि तिघांनी आरडाओरडा करत बकऱ्यांना तिकडं पिटाळायचं. पहिल्या दिवशी तीन सापडल्या, आणि निकानोर स्वतःच एकदा जाळ्यात अडकला. "हा कुठला मासा म्हणायचा?" एफ्राइननं विचारलं. दुसऱ्या दिवशी चार. पाय बांधून होडीत घालायच्या आणि गावाला सोडून यायच्या. एका फेरीत बोकडानं निकानोरची टोपी खरंच खाल्ली. तो बोडक्यानं परत आला तेव्हा दोमितिला त्याही परिस्थितीत हसली.

होडी गेली की दोमितिला बेटावर एकटी राहायची. तिनं खोडाभोवती छातीएवढं कुंपण रचलं. मग पहारीनं कुंपणाबाहेर उरलेली सगळी माती खणून मोकळी केली, हातानं ढेकळं फोडली.

"कोमाद्रे, माझं झालं. आता तुझं तू बघ."

मी खड्डा केला आणि नऊ अंडी घातली. एवढ्या उपासमारीत नऊ म्हणजे पुष्कळ. मग माती लोटून तिच्यावर पडून राहिले.

सतरा बकऱ्या गेल्या. अठरावी सापडेना. मोरोचा शहाणी होती. पहिलं जाळं पाहूनच ती खडकांच्या भेगांमध्ये पसार झाली. घंटा ऐकू यायची, पण ती काही दिसायची नाही. आज इकडून आवाज, उद्या तिकडून. निकानोर आणि एफ्राइनचे पाय खडकांनी सोलून निघाले. पवित्र आठवडा जवळ येत चालला होता, आणि मासळी अजून निम्मीसुद्धा झाली नव्हती.

आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी त्या दोघांना माहीत नव्हती.

रोज दुपारी दोमितिला "बघून येते" म्हणून एकटीच जायची. एकदा मी तिच्या मागं गेले. एका भेगेपाशी ती गुडघ्यांवर बसली आणि हलकेच म्हणाली, "मोरो, मोरो, ये गं माझी बाय!" भेगेतून काळं तोंड बाहेर आलं. दोमितिलानं तिला ओंजळीतून मक्याचे दाणे चारले, तिच्या कपाळावरच्या टिळ्याला कपाळ लावलं. मोरोचाचं पोट पुन्हा मोठं झालं होतं. दोमितिला परत आली आणि भावाला म्हणाली, "नाही दिसली."

तिला वाटत होतं ते मला समजत होतं. गावात नेलेल्या बकऱ्यांचं ईस्टरला काय होणार, हे ठरलेलं होतं. चुलीमागं वाढवलेलं पोर हातानं कसं द्यायचं? मी तिच्या जागी असते तर दिलं नसतं. पण माझ्या जागी मी होते, आणि माझ्या पोटाखाली नऊ अंडी होती. मला तिचा राग आला. फार आला. दुसऱ्या दिवशी तिनं टाकलेलं साल मी खाल्लं नाही.

निघायचा दिवस आला. पाल उतरलं, मासळीची पोती होडीत चढली. जेमतेम निम्मी होडी भरली. ओहोटी लागली होती.

"चल न्यान्या," निकानोर म्हणाला. "आता राहू दे. एकच तर बकरी..." आणि तो मध्येच थांबला. पुढचं त्याला बोलवेना.

नेमकी त्याच वेळी घंटा वाजली. माणसांची हालचाल थांबली असं वाटून मोरोचा भेगेतून बाहेर आली होती. दुपार होती, सावली एकच होती. ती थेट माझ्याकडे आली. बसायच्या आधी बकरी पुढच्या पायानं जमीन उकरते, तुम्ही पाहिलं असेल. तिनं पाय उचलला आणि मातीवर आपटला. मी हलले नाही. तिनं पुन्हा आपटला, या वेळी माझ्या शेपटीवर. मी तोंड उघडून मान वरखाली हालवली, आम्हाला एवढीच धमकी येते. तिनं डोकं खाली घातलं आणि मला ढकललं. मी नखं मातीत रोवली. ती थोराड, मी हाडांची मोळी. मी किती वेळ टिकणार होते?

मी किनाऱ्याकडे पाहिलं. दोमितिला एक पाय होडीत आणि एक पाय पाण्यात अशी उभी होती. ती आमच्याकडेच बघत होती.

मग तिनं हाक मारली. भेगेपाशी मारायची तशी हलकी नाही, आपल्या खऱ्या आवाजात. "मोरो! मोरो! ये गं माझी बाय!"

मोरोचाचे कान उभे राहिले. तिनं माझ्यावरून उडी घेतली आणि घंटा वाजवत थेट दोमितिलाच्या कुशीत गेली. इतक्या दिवसांचं जाळं, पळापळ, सोललेले पाय, आणि ती एका हाकेनं आली. निकानोर तोंडात बोट घालून बघत राहिला. मग त्याला सगळं कळलं असावं. त्यानं होडीतली दोरी काढून तिच्या हातात दिली.

दोमितिलानं तिच्या गळ्यातली घंटा काढली आणि दोरी बांधली.

"हिच्या मानेला सुरी लागली ना निको, तर मी तुझ्या चुलीला पुन्हा हात लावणार नाही."

"नाही लागणार."

"माझ्या अंगणात बांधून ठेवीन. शेजारीण काय बोलायचं ते बोलू दे. नवीन फुलं मी करून देईन तिच्या देवाला."

"दे. मी कागद आणून देतो."

होडी निघाली. बेटावर वारा आणि लाटा उरल्या. तो शांतपणा मला सोसेना, मित्रांनो! ज्या आवाजाचा मी तीन वर्षं धसका घेतला होता, तो थांबला तरी माझे कान तोच शोधत राहिले. पाखरं माझ्या अंगावरच्या गोचिड्या टिपायला यायची, तर मी दचकून त्यांना उडवून लावायची.

मे महिन्यात एका सकाळी पोटाखाली खरवडल्यासारखं झालं. या वेळी मी उकरलं नाही. फक्त बाजूला सरकून बसले. सहाव्या दिवशी मातीला भोक पडलं आणि त्यातून एक तपकिरी नाक बाहेर आलं. मग दुसरं. सात बाहेर आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, कुंपणाच्या दगडांमध्ये पळाली. आमच्यात असंच असतं. मला भरून आलं, ते मात्र आमच्यात नसतं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कुंपण अजून आहे. आत जुना निवडुंग आहे, आणि बाहेर त्याची नवी रोपं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. मोरोचा अंगणात म्हातारी होऊन मेली म्हणे. दोमितिलाच सांगत होती. तीही आता काठी टेकत उतरते, पण सालं आणायला विसरत नाही.

तुम्ही मोठे व्हाल, कुठंकुठं जाल. जाताना हातात काहीतरी असेल. एखादं रोप, एखादं मांजर, एखादी पिशवी, काहीही. ते कुठंतरी सोडून द्यावंसं वाटेल, आणि तोंडात आपोआप येईल, 'एकच तर आहे.' तेव्हा एवढं करा. जिथं सोडणार, तिथं आधीपासून कोण राहतंय ते वाकून बघा. त्याला विचारता येणार नाही, पण बघता तर येईल. आम्हाला बोलता येत नाही हो. आम्ही फक्त बसून असतो, आणि लोकांना वाटतं, यांचं बरं चाललंय.

थांबा... गप्प... ऐकलंत?

हं. होडीच आहे. ती पितळी घंटा निकानोरनं पुन्हा होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, टांगली. 'कोमाद्रेला आधी कळवायचं,' असं म्हणून दोमितिला दर जानेवारीत लांबूनच ती वाजवते. घंटेखाली बकरी नाही, होडी आहे, हे मला पक्कं माहीत आहे. माझ्यासाठी सालं येणार आहेत, हेही माहीत आहे. तरी तुमच्या देखत सांगते, घंटा वाजली की मी आधी मातीकडे धावते, तिच्यावर पोट टेकून पडते, आणि मगच मान वळवून किनाऱ्याकडे बघते.